फोल्डिंग खात्यातला बर्फ

आर्क्टिकहून परत आल्यावर पहिले तीन महिने मी फक्त वाईट चित्रं काढली. बघणाऱ्यांना ती वाईट वाटली नाहीत. शेजारणींना तर फार आवडली. समोरच्या घरातल्या वहिनी दारातूनच म्हणाल्या, "झकास! अगदी कॅलेंडरसारखं झालंय. मनालीला गेला होतात ना?" मी हो म्हटलं. एकोणतीस वर्षं कांदिवलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवल्यावर आपलं चित्र कॅलेंडरसारखं झालंय हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. निळं आकाश, निळं पाणी, मधे पांढरा डोंगर. पाचवी ब मधली मुलं इंटरमिजिएटला न बसताही हे काढतात.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी माझी मुलगी म्हणाली, "आई, उन्हाळ्यात माझ्याबरोबर चल." ती नॉर्वेच्या उत्तर टोकाला एका विद्यापीठात काम करते. थंड प्रदेशातली झाडंझुडपं हा तिचा विषय. दर उन्हाळ्यात ती आणखी वर, स्वालबारच्या बेटांवर जाते, दोन आठवडे एका लाकडी झोपडीत राहते आणि जमिनीवरची रोपं मोजते. त्या वर्षी तिची मदतनीस ऐन वेळी गळाली होती. "काम सोपं आहे," ती म्हणाली, "तारेची चौकट जमिनीवर ठेवायची, आतली फुलं मोजायची आणि मी सांगीन ते वहीत लिहायचं. शिवाय तुला खिचडी येते."

माझ्याजवळ माझे वडील राहतात. वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांत काचबिंदू. खिडकीचा उजेड आणि समोर उभ्या माणसाची आकृती, एवढंच त्यांना दिसतं. त्यांना सोडून कसं जायचं म्हणून मी घुटमळत होते, तेव्हा तेच वैतागले. माझा भाऊ भांडुपहून तीन आठवडे येऊन राहील, हे त्यांनीच फोन करून परस्पर ठरवून टाकलं होतं. माझी बॅग भरून होईपर्यंत त्यांना एकच शंका होती.

"थंय सूर्य बुडणाच नाय म्हणतंस?"

"उन्हाळ्यात नाही बुडत, बाबा. चोवीस तास उजेड."

"मगे रातपाळी कशी लावतत?"

त्यांचं आयुष्य परळच्या गिरणीत गेलं. आधी साच्यावर, म्हणजे मागावर, आणि मग बरीच वर्षं फोल्डिंग खात्यात. तयार कापड तिथे तपासलं जायचं, घडी व्हायची, ठप्पा लागायचा. गिरणी बंद पडल्यावर आम्ही चारकोपला आलो आणि बाबांनी इथल्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगची, मग वॉचमनची नोकरी केली. पण "तुम्ही काय करायचात?" असं कोणी विचारलं तर ते आजही "फोल्डिंगात होतो" एवढंच सांगतात.

तर मी गेले. झोपडी खाडीच्या काठावर होती. तिकडे तिला फ्योर्ड म्हणतात, पण मी खाडीच म्हणायचे, मला गोराईची सवय. पलीकडच्या काठाला हिमनदी सरळ समुद्रात उतरलेली. झोपडीत आम्ही तिघी: मी, माझी मुलगी, आणि साठीची एक नॉर्वेजियन बाई, जिचं काम खांद्याला बंदूक लावून आमच्यामागून चालणं. अस्वल आलं तर, म्हणून. अस्वल आलं नाही. बंदूकवाली बाई दोन आठवडे क्षितिजाकडे बघत राहिली आणि माझी खिचडी वाटी चाटून खात राहिली.

पहिल्या दिवशी मी झोपडीबाहेर उभी राहून मुलीला विचारलं, "इथे झाड एकही नाही का गं?"

ती हसली. "आई, तू जंगलावर उभी आहेस."

मी खाली पाहिलं. बुटांखाली बोटभर उंचीचं काहीतरी पसरलेलं होतं, गोल गोल पानांचं. ती म्हणाली, ही विलोची जात आहे, वर वाढली तर वारा मोडतो म्हणून आडवी वाढते. "तुझ्या पायाखालचं हे खोड कदाचित तुझ्याच वयाचं असेल." मी चटकन पाय उचलला, पण दुसरा ठेवायला जागा कुठे होती? तिथेही तेच जंगल. पुढचे दोन आठवडे मी दगडांवरून चालायला शिकले.

सकाळी मोजणी. चौकटीतली फुलं इतकी लहान की गुडघे टेकून, नाक जमिनीला लावूनच दिसायची. फिक्या पिवळ्या खसखशीची, जांभळ्या शेवंतीच्या उशीसारख्या दिसणाऱ्या एका झुडपाची. दुपारी ती तिचे आकडे बसून तपासायची तेव्हा मी वही घेऊन काठावर बसायचे.

आणि तिथेच घोटाळा झाला. मी जलरंग नेले होते. मुंबईत दहा मिनिटांत वाळणारा रंग तिथे तासभर ओलाच. त्या गारठ्यात, दमट हवेत पाणी कागदावरून हलायलाच तयार नाही. मी कागद स्टोव्हवर धरायचे, तर रंगाच्या कडा करपल्यासारख्या व्हायच्या. पण खरी अडचण वेगळीच होती. घरून निघताना मी पांढऱ्याची एकच ट्यूब घेतली होती. बर्फ काढायचा तर कागद कोरा सोडायचा, हे मीच पोरांना शिकवलं होतं. इथे बसल्या जागेवरून मला पांढऱ्याचे दहा-बारा प्रकार दिसत होते आणि माझ्याजवळ कागद होता एकाच पांढऱ्याचा.

शेवटी मी रंग ठेवून दिले आणि पेन्सिलीने नुसती रेघ मारून शेजारी शब्द लिहायला लागले. ती वही अजून आहे. "डावीकडे ताकासारखा." "वरच्या कड्यावर खोबऱ्याचा." "भेगेच्या आत मेणासारखा, त्यातून निळा." "पाण्यात तरंगणारा तुकडा – चहाच्या बशीसारखा, कडेला चीर." एका पानावर फक्त "दुपारी चार, वारा, सगळा बर्फ पिठासारखा" एवढंच.

हिमनदीचे मोठे तुकडे अधूनमधून सुटून पाण्यात पडायचे. आधी दिसायचं, आवाज मग यायचा. आणि जे बारके तुकडे वाहत काठाला लागायचे ते सतत तडतडत असायचे, लाह्या फुटाव्यात तसे. मुलगी म्हणाली, बर्फात अडकलेली जुनी हवा सुटतेय. मी त्या काठावर किती वेळ बसले असेन कोण जाणे. उजेड कधी जायचाच नाही, त्यामुळे उठायचं कधी ते कळायचं नाही. मुलगीच येऊन म्हणायची, "आई, चल, जेवायची वेळ झाली. म्हणजे, मला भूक लागलीय."

मला तिथे सुख वाटलं. शब्द साधा आहे, पण दुसरा सुचत नाही. ज्या मुलीला मी रेघा मारायला शिकवलं होतं ती मला फुलं मोजायला शिकवत होती आणि चुकलं तर जरा ओरडतही होती.

घरी आले ती जुलैच्या मध्याला. चारकोपात सगळं चिंब. कागद पापडासारखे वळलेले. मी लगेच कामाला लागले, आठवण ताजी आहे तोवर काढून घ्यावं म्हणून. तीच ती कॅलेंडरं. पातळ रंगात केलं तर डोंगर धुक्यात गेल्यासारखा, जाड रंगात केलं तर भिंतीला चुना फासल्यासारखा. ऑक्टोबरात मी सगळा गठ्ठा कपाटाच्या वर टाकला आणि फराळाच्या तयारीला लागले.

बाबांना चित्रं दिसत नव्हती, पण माझ्या हालचालींवरून त्यांना सगळं कळायचं. दिवाळी झाल्यावर एका सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्यांनी विचारलं, "जमणा नाय काय गो?"

"नाही जमत, बाबा."

"काय जमणा नाय ता तरी सांग."

मी जरा त्रासूनच म्हटलं, "बर्फ. सगळा पांढरा आहे. पांढऱ्यावर पांढरा कसा काढायचा?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "पांढरो म्हणजे खंयचो पांढरो?"

मला वाटलं, ते ऐकत नव्हते. मी पुन्हा सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला, शाळेत मी करायचे तसा. "आयक. कोऱ्या कापडाचो पांढरो वेगळो. धुतलेल्याचो वेगळो. नीळ घातली की तिसरोच. कांजी चढवली की तोच पांढरो उजेड परतवता. मलमल असात तर उजेड आत घेता. तुझो बरफ खंयचो?"

मी वही आणली. त्यांना वाचून दाखवायला लागले. "डावीकडे ताकासारखा."

"जुना धोतर," ते म्हणाले. "धुवून धुवून मऊ झालेला."

"वरच्या कड्यावर खोबऱ्याचा."

"मांजरपाट. कोरो. त्यात थोडो पिवळो असता."

"भेगेच्या आत मेणासारखा."

यावर त्यांना विचार करावा लागला. बोटं ते खुर्चीच्या हातावर घासत होते, जणू तिथे कापड आहे. "ता बघूक होया," ते म्हणाले. बघायला पाहिजे, म्हणजे हात लावून.

मी तास-दीड तास वाचत होते. पोळ्या राहिल्या. आम्ही भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःच जाहीर केलं की आपण कापड आणायला जायचं. कुठे, तर विलेपार्ल्याला. स्टेशनजवळ पांढऱ्या कापडाचं एक जुनं दुकान त्यांना माहीत होतं, ते अजून आहे की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, इथेच चौकशी करू. ते ऐकेनात. गेल्या दोन वर्षांत दवाखाना सोडून ते कुठे गेले नव्हते. इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली, आणि रिक्षात बसल्यावर वाटेतल्या प्रत्येक वळणाला "आता खंय इलो?" विचारत राहिले.

दुकान होतं. मालक बदलला होता. आधीच्या मालकाचा मुलगा, चाळिशीचा, तोंडात सुपारी. बाबांनी मांजरपाट, लठ्ठा, मलमल, केंब्रिक आणि दुहेरी सुताची जाडीभरडी दोसुती मागितली. प्रत्येकी पाच मीटर. दुकानदाराने तागे काउंटरवर टाकले आणि डोक्यावरची ट्यूब लावली.

"ट्यूब बंद कर," बाबा म्हणाले. "ट्यूबखाली सगळेच पांढरे सारखे दिसतत."

"पण काका, आत अंधार आहे."

"मग भायर घे."

त्याला आधी हसू आलं. पण बाबांनी एका ताग्याची कड अंगठा आणि तर्जनीत धरली, हलकेच चोळली आणि म्हणाले, "ह्या केंब्रिक नाय. ह्यात पॉलिस्टर घातलाहा." तसा तो माणूस आत गेला आणि दुसरा तागा घेऊन आला. मग आम्ही तिघं पायरीवर, माणसांच्या येण्याजाण्यात, कापडं घेऊन उभे. बाबा एकेक कापड तोंडाशी नेत, गालाला लावत, कानाजवळ धरून एकदा झटकत. त्यांनी चेहरा आकाशाकडे केला होता आणि कापड डोळ्यांसमोर धरलं होतं. दिसत नव्हतं हे मला माहीत होतं. उजेड किती येतो एवढं मात्र कळत असावं.

"कुठल्या मिलमध्ये होतात, काका?" दुकानदाराने विचारलं.

बाबांनी सांगितलं. "फोल्डिंगात."

"माझे पप्पा म्हणायचे, फोल्डिंगच्या माणसाला कापड दाखवायचं नाही, भाव पाडतो."

बाबा इतके खूश झाले की त्यांनी चहा मागवायला सांगितला. तो त्यानेच मागवला. आम्ही अर्धा दिवस तिथे होतो.

आता कापड होतं, पण त्याचं करायचं काय? मी चित्रकलेची बाई. मला चिकटवणं माहीत. पुठ्ठ्यावर गोंदाने तुकडे लावायला घेतले. तिसऱ्या दिवशी मलमलीतून गोंदाचे पिवळे डाग वर आले. बाबांनी हात फिरवला आणि हात झटकन मागे घेतला.

"कापडाक कोण गोंद लावता?"

"मग काय करू?"

"शिवूक येता मा तुका?"

येत होतं, बटण लावण्यापुरतं. आई गोधड्या शिवायची, मी कधी बसले नव्हते तिच्याजवळ; मला तेव्हा रंगपेटी हवी असायची. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी मी जाड सुई घेऊन बसले. पहिले टाके म्हणजे मुंग्यांची रांग पावसात सापडावी तसे. बाबा बोटाने टाके मोजायचे आणि "हयसर तीन सुटले" असं शांतपणे सांगायचे. मी उसवायचे. आठवड्याभराने सुटणं कमी झालं.

हळूहळू आमची एक पद्धत बसली. सकाळी उजेड चांगला असताना मी वहीचं एक पान वाचायचे. कडा किती उंच, बर्फ कोरडा की ओला, पायाखाली करकरतो की पाय रुततो, हे सगळं ते विचारायचे. मी डोळे मिटून आठवून सांगायचे. मला जे नुसतं पाहिल्यासारखं वाटत होतं त्यातलं कितीतरी मी खरं म्हणजे ऐकलेलं आणि पायाला लागलेलं होतं, हे त्या प्रश्नांमुळे कळलं. मग ते ढिगातून चाचपून एक तुकडा काढून माझ्या हातात द्यायचे. "ह्यो घे. करकरणारो म्हणजे दोसुती." बहुतेक वेळा ते बरोबर असायचं.

भांडणंही झाली. भेगेतल्या निळ्यासाठी मी माझ्या एका सिंथेटिक साडीचा तुकडा कापला. सुंदर निळा होता, चमकणारा. बाबांनी तो ढिगातून दोनदा बाजूला टाकला. मी दोनदा परत घेतला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "ह्या बरफ नाय, ह्या टेरिकॉट."

"बाबा, तुम्हाला दिसत नाही, रंग अगदी तोच आहे."

हे बोलल्यावर मला लगेच वाईट वाटलं. ते मात्र चिडले नाहीत. "रंग आसात गो," ते म्हणाले, "पण तो वरून इलेलो. तूच सांगितलंस मा, निळो आतून येता म्हणून?"

ते खरं होतं. मी तो तुकडा काढला.

मग नीळ आणली, कपड्यांची. बादलीभर पाण्यात थेंबभर, मलमल बुडवायची, पिळायची नाही, सावलीत टाकायची, वर पुन्हा कोरी मलमल, म्हणजे निळा खालून येईल. त्यांनी सगळं नीट सांगितलं. मी पहिल्याच खेपेला बाटलीचं झाकण सैल धरलं आणि निम्मी बाटली बादलीत. दोन मीटर मलमल शाळेच्या युनिफॉर्मसारखी गर्द झाली.

"वाट लागली," मी म्हटलं.

बाबा हसायलाच लागले. इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मला पाणी आणायला उठावं लागलं. मग म्हणाले, रोज धू आणि उन्हात टाक. मी दहा दिवस रोज ती मलमल धुतली. दोरीवर ती दिवसेंदिवस फिकी होत गेली, पण सारखी नाही. घडीच्या जागी निळा तसाच राहिला, बाकी ठिकाणी विरला. काही भाग तर अगदीच डागाळल्यासारखा झाला, तो फेकून द्यावा लागला. उरलेला मी भेगेत लावला. वर दोन पदर कोरी मलमल. दुपारी खिडकीशी धरलं आणि मला खाडीच्या पलीकडचा तो कडा दिसला. मी बाबांना सांगितलं नाही, नुसतं त्यांचं बोट धरून त्या भेगेत ठेवलं. ते आत गेलं, मलमलीच्या पदराखाली, आणि तिथे राहिलं.

"थंड असा," ते म्हणाले. धुतलेल्या कापडाचा ओलावा असेल.

एप्रिलमध्ये मुलगी तीन आठवडे आली. तोवर तीन कापडं पुरी झाली होती, प्रत्येक दाराच्या पडद्याएवढं. तिला आल्याआल्या दाखवणार नव्हते, पण ती चप्पल काढतानाच भिंतीवरचं बघून थांबली. बराच वेळ जवळून बघितलं. मग म्हणाली, "आई, हा आपण निघालो त्या दिवसाचा आहे. आदल्या दिवशी पाऊस पडला होता आणि वरचा बर्फ विरघळून दाणेदार झाला होता. तू तिथे दोसुती लावलीस."

"मी नाही," मी म्हटलं. "आजोबांनी."

ती आजोबांजवळ जाऊन बसली. "आजोबा, तुम्हाला कसं कळलं?"

"आयशीन तुझ्या सांगितलान पायाखाली बरफ करकरता. मलमलीर करकरणा नाय."

प्रदर्शन वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं. पण माझ्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने सुट्टीतला चित्रकलेचा वर्ग तीन दिवस देऊ केला आणि मुलीने आग्रह धरला. बाबांची अट एकच. "लोकांका हात लावूक दी. हात लावल्याशिवाय कापाड समाजणा नाय."

तेव्हा आम्ही दोरीवर कापडं टांगली आणि मी माझ्या फळ्यावर, माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: कृपया हात लावा. एकोणतीस वर्षं त्याच वर्गात "हात लावू नका" म्हणत आले होते. लोक आधी लाजत. मग एक जण लावायचा आणि मग सगळे. जुने विद्यार्थी आले, आता पोटं सुटलेले, मुलं कडेवर. कोणी म्हणालं, "बाई, तुम्ही खरंच तिथे गेला होतात?" समोरच्या वहिनीही आल्या. त्यांनी दोन्ही तळवे मांजरपाटावर ठेवले आणि म्हणाल्या, "हे मनाली नाही हो." त्यांना मी बसवून सगळं खरं सांगितलं. थोड्या रागावल्या, मग चहा घेतला.

बाबा दाराशी खुर्चीत. तिसऱ्या दिवशी लालबागहून एक म्हातारे गृहस्थ आले, नातवाने आणलेले. ते कापडांकडे फारसे गेलेच नाहीत. बाबांशेजारी बसले आणि दोघं कुठल्या खात्यात कोण होतं, जॉबर, म्हणजे मुकादम, कोण, कँटीनची भजी कशी, यावर दोन तास बोलत राहिले. निघताना त्यांनी जाता जाता एका कापडाची कड चोळून बघितली आणि बाबांना म्हणाले, "माल चांगलो हा."

परत जाताना मुलीने सगळ्यात मोठं कापड घडी करून बॅगेत घातलं. घडी बाबांनी घातली, टेबलावर, तळहाताने दाबत, अजून त्यांच्या हातात ती आहे. तिकडे नेऊन तिने ते विद्यापीठात त्यांच्या विभागाच्या व्हरांड्यात लावलं, कॉफीच्या यंत्राशेजारी. तिचा फोन आला जूनमध्ये. म्हणाली, सगळे कॉफी भरेपर्यंत त्याला हात लावतात. ज्या भेगेत निळी मलमल आहे तिथे तर जास्तच. आणि ज्या खाडीचा तो बर्फ आहे तिथे काम करणारी माणसं तिथे उभी राहून, तो कडा यंदा किती मागे सरकला, यावर बोलतात.

फोन स्पीकरवर होता. बाबा ऐकत होते.

"कापाड मळला आसतला," ते म्हणाले. "एवढे हात लागतत तर."

"थोडं मळलंय, आजोबा. चालतं."

"चालता कसा? धुवूक होया. लिव."

मी कागद घेतला, पण ते मला नाही, तिला सांगत होते. तिने तिकडे लिहून घेतलं. थंड पाणी. सोडा नाही, ब्लीच तर नाहीच. चोळायचं नाही, नुसतं खालवर करायचं. पिळायचं नाही. नीळ पुन्हा द्यायची नाही, जेवढी उरेल तेवढी खरी. सावलीत, आडव्या दोरीवर, दोन माणसांनी धरून टाकायचं, नाहीतर टाके ओढले जातात. तिने विचारलं, सावलीच का, इथे ऊन आहे कुठे एवढं? बाबा म्हणाले, चोवीस तास आहे म्हणून तुझ्या आईनेच सांगितलं होतं ना. मग ती हसली आणि तेही लिहिलं.

आठवड्याभराने तिने फोटो पाठवला. कॉफीच्या यंत्राशेजारी, कापडाच्या डाव्या बाजूला, एक छापील कागद लावलेला. वर नॉर्वेजियन, खाली मराठी. मी बाबांना मराठी वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली.

"इस्त्रीचा ऱ्हवला," ते म्हणाले. "तिका फोन लाव. मलमलीर इस्त्री फिरवू नुको म्हणान सांग."